खरं स्टेशन

भार्गवीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो खोटं बोलत होता.

सोमवारची सकाळ होती. सातारा–मिरज एसटी, खिडकीच्या काचेवरून वाकडंतिकडं ओघळणारं भाद्रपदातलं पाणी, आणि मांडीवर दोन पिशव्या घेऊन अंग चोरून बसलेली भार्गवी. कराडला तो चढला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. उंच, काळासावळा, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. हातातली बॅग त्याने पोटाशी घट्ट धरली होती. कंडक्टरने विचारलं तेव्हा चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "मिरज."

आणि सांगलीत विश्रामबागला भार्गवी उतरायला उठली, तर हाही उठला.

खरं म्हणजे तिने गप्प बसायला हवं होतं. पण कुणी चुकीच्या जागी उतरतंय असं दिसलं की तिला राहवत नसे. तो तिचा जन्माचा रोग होता.

"अहो... मिरज अजून पुढे आहे."

"म्हाईत हाय."

"मग तिकीट मिरजेचं का काढलंत?"

तो हसला. हसला म्हणजे फक्त डोळ्यांनी. "तिकिटाला जाऊ द्या की मिरजेला. म्या हितं उतरतो."

भार्गवीने छत्री उघडली आणि मागे वळून न बघता चालायला लागली. चोर असणार. नाहीतर पोलिसांना हवा असलेला कुणीतरी. दहा पावलांवर तिने पर्स चाचपली, ती जागेवर होती. वीस पावलांवर मात्र तिला ते डोळे आठवले, आणि तिला स्वतःचाच राग आला.

चिंतामणकाकांचं सहलींचं ऑफिस तळमजल्यावर होतं. वरच्या मजल्यावर असतं तर भार्गवीने ही नोकरीच धरली नसती. तिचं लहानपण गेलं कोयनानगरला, धरणाच्या वसाहतीत. तिथे जमीन हलून भांडी वाजली की लोक आधी दाराकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. प्रत्येक घरात दाराशी, घेऊन पळायला, एक पिशवी टांगलेली असते. वडील निवृत्त झाल्यावर घर साताऱ्याला आलं, पण ती पिशवी भार्गवीबरोबर सांगलीपर्यंत आली आणि ऑफिसात तिच्या टेबलाखाली राहायला लागली. गंमत अशी की व्हेनिसला कुठल्या फलाटावर उतरायचं हे लोकांना सांगणारी ही मुलगी स्वतः पुण्याच्या पलीकडे कधी गेली नव्हती. परदेशी सहली ती फार सुरेख आखायची, कारण वाटेत काय काय बिघडू शकतं हे तिच्याइतकं कुणालाच सुचत नसे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. भार्गवीने तो राक्षस कामाला लावला होता.

अर्ध्या तासाने दार ढकलून तोच माणूस आत आला.

"युरोपला जायाचंय," तो काकांना म्हणाला. "म्या आन माजी आई. पंधरा दिस. समदं रेल्वेनं."

काकांनी त्याला भार्गवीच्या पुढ्यात बसवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला कालच्या गिऱ्हाइकाची हकिगत सांगायला ते निघून गेले. चिंतामणकाका माणूस सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजत नसे.

त्याचं नाव बिरदेव. गाव विट्याच्या पूर्वेला, माळावर. वडिलांनी, दादासोंनी, तरुणपणी मेंढरं सोडून कोईमतूर गाठलं आणि गलाईचं दुकान टाकलं. सोनारांकडचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. भट्टीच्या धुराने छाती पोखरली आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले. आता दुकान बिरदेव बघत होता. मनगटावरचा डाग भट्टीचा होता, हे कळल्यावर भार्गवीचा हात पर्सवरून सुटला.

आईचं नाव बनाबाई. नवरा तीस वर्षं गाडीने जात-येत राहिला, आणि ती गावात वाट बघत राहिली. आता तिचं एकच मागणं होतं. मला बी गाडीत बसव, पन अशा मुलखात, जितं पिशवी पोटाशी धरून बसाय लागत न्हाई.

भार्गवी खोटं बोलू शकत नसे. तिने लगेच सांगितलं की पाकीटमार तिकडेही असतात, मिलानच्या स्टेशनवर तर विशेष, आणि व्हेनिसच्या बोटीत...

"मॅडम," बिरदेव म्हणाला, "तुमी गिऱ्हाईक आनताय का घालवताय?"

ती गोरीमोरी झाली. मग दोघांनी मिळून गावं ठरवली. झुरिक, मिलान, व्हेनिस, व्हिएन्ना... आणि शेवटचं? बिरदेवने क्षणभर खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलं.

"प्राग," तो म्हणाला.

तिने लिहून घेतलं.

सहल एप्रिलमधली होती, म्हणजे आखायला वेळ भरपूर. पण बिरदेव कोईमतूरहून गावी आला की सांगलीला चक्कर टाकायचाच. कधी आईच्या पासपोर्टची झेरॉक्स, कधी फोटो, आणि पुढे पुढे तर कागदाशिवायच. दसरा गेला, दिवाळी गेली. भार्गवी गाड्यांचं वेळापत्रक पुढ्यात पसरून बसायची आणि तो समोरच्या खुर्चीत तिच्या कपाळावरच्या आठ्या मोजत बसायचा.

"मिलानला गाडी बदलायला आठच मिनिटं मिळतात," ती म्हणायची. "मी दोन तास ठेवलेत."

"आठ मिन्टं कमी हायत व्हय?"

"तुमच्या आईंना फलाट बदलायचाय."

"माजी आई मेंढरामागं दिसाला वीस मैल चालायची. आठ मिन्टात ती फलाट काय, गाव बदलंल."

बोगद्याचं मात्र तिने दोन आठवडे लपवून ठेवलं. झुरिकहून मिलानला जाताना डोंगराच्या पोटातून सत्तावन्न किलोमीटरचा बोगदा लागतो. तो टाळून वरून, घाटातून जाणारी जुनी वाट तिने शोधून काढली होती. वेळ खूप जास्त लागत होता, पण आभाळ दिसत होतं.

"बोगद्यातनं किती येळ?" तिने शेवटी सांगितलं तेव्हा बिरदेवने विचारलं.

"वीस मिनिटं."

"आई न्हाई भ्यायची वीस मिन्टाला." तो जरा पुढे वाकला. "मग भितंय कोन?"

भार्गवी वेळापत्रकाकडे बघत राहिली. तिचे कान तापले होते. त्या दिवशी तिने त्याला टेबलाखालची पिशवी दाखवली. बॅटरी, बिस्किटं, पाण्याची बाटली, आणि दोरीत ओवलेली एक लाल शिट्टी. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो, पण शिट्टी ऐकू जाते, असं तिने साध्या आवाजात सांगितलं. आई दिवसातून चार वेळा फोन करते आणि एकच विचारते, कुठे आहेस? आणि भार्गवी नेमकं सांगते. कुठली इमारत, कितवा मजला. त्यांच्या घरात माणूस कुठे आहे हे घरच्यांना ठाऊक नसणं हा गुन्हाच होता.

बिरदेव हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. शिट्टी हातात घेऊन त्याने ती उलटसुलट पाहिली आणि परत जागेवर ठेवली.

"बोगद्यात शिरलो की म्या तुमाला फोन लावतो," तो म्हणाला. "वीस मिन्टं बोलत ऱ्हायचं. म्हंजी तुमी भ्यायचं न्हाई."

"पण बोगद्यात तुम्ही असणार. मी इथे सांगलीत असणार."

"ते बी खरंच की," तो म्हणाला. आणि मग, "...तेवढं चुकलंच बगा आखताना."

त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा भार्गवीने चौथ्या रिंगला उचलला. एरवी पहिल्याच रिंगला उचलायची.

बनाबाई सह्यांसाठी आल्या तेव्हा पौष लागला होता. बारीक चणीची बाई, हिरवं इरकल नेसलेली. बिरदेव फोटोच्या प्रती काढायला बाहेर गेला, आणि त्या पिशवी मांडीवर धरून भार्गवीकडे निरखून बघत बसल्या. काहीतरी बोलायचं म्हणून भार्गवीने एसटीतली गोष्ट काढली. मिरजेचं तिकीट आणि विश्रामबागला उतरणं.

"आवं त्यो तसाच," बनाबाई म्हणाल्या. "गलाईवाला खरं टेशन सांगत न्हाई, पोरी. आमच्यात तसंच हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दादासो तरुण होते. गाडीत एका गोडबोल्या माणसाने विचारलं, कुठं उतरणार? त्यांनी सरळ सांगितलं. त्या स्टेशनवर दोन माणसं उभी होती. सोनं गेलं आणि डाव्या हाताची दोन बोटंही गेली. तेव्हापासून घरात रीतच पडली. तिकीट एका गावाचं, सांगायचं दुसरं, उतरायचं तिसरीकडे. प्रवासात फोन बंद. विट्याहून सांगलीला तासगाववरून सरळ गाडी असताना पोरगं कराडला वळसा घालून येतं, ते काय उगाच?

"मग खरं कुणालाच माहीत नसतं?"

"एकाच मानसाला. घरात जी वाट बगती तिला." बनाबाईंनी पदर सारखा केला. "त्याच्या बाचं मला ठावं असायचं. आता त्याचं बी मलाच. पन लय वंगाळ असतंया ते, पोरी. गाडीला उशीर झाला की एकलीनंच भ्यायचं. शेजारणीला बी इचारायची सोय न्हाई."

भार्गवीच्या हातातलं पेन थांबलं होतं. गेल्या चार महिन्यांतलं त्याचं एकेक वाक्य तिला आठवायला लागलं. उद्या येतो म्हणाला आणि परवा आला. मिरजेला उतरलो म्हणाला, आणि बुटांना मिरजेत नसलेली लाल माती होती. तिने फाईल पुढे ओढली आणि हळूच विचारलं, "मावशी... हे प्राग तरी खरं आहे ना? या व्हिसाच्या कागदांवर खोटं चालत नाही. जिथे झोपणार तेच गाव लिहावं लागतं."

बनाबाई पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. "त्यानं सांगितल्याबिगर म्या कशी सांगू?" त्या म्हणाल्या.

माणसावर जीव जडला आहे हे एकीकडे कळत होतं, आणि त्या माणसाचा एकही पत्ता खरा नाही हे त्याच वेळी कळत होतं. भार्गवीला रात्रभर डोळा लागला नाही. कोयनेतल्या घरातही ती इतकी घाबरली नव्हती. तिथे निदान जमीन हलली की धावायचं कुठे ते ठाऊक होतं.

पुढच्या गुरुवारी बिरदेव कोईमतूरहून येणार होता. बुधवारी निघताना त्याने गाडी सांगितली, मिरजेला सकाळी नऊला पोहोचतो म्हणाला. गुरुवारी आठ वाजता काकांनी मोबाईलवरची बातमी मोठ्याने वाचली. कर्नाटकात कुठेशी रूळ तुटून दोन डबे घसरले होते. गाडी तीच होती.

भार्गवीची पाचावर धारण बसली. त्याचा फोन बंद. ती तशीच रिक्षाने मिरज स्टेशनला गेली. खिडकीवरच्या माणसाकडे जखमींची यादी होती, तीत बिरदेवचं नाव नव्हतं. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण यादी अजून अपुरी आहे असं तो माणूस म्हणाला. नऊ वाजले, अकरा वाजले. ती फलाटावरच्या बाकावर बसून प्रत्येक उतरणाऱ्याकडे बघत राहिली. शेवटी न राहवून तिने बनाबाईंना फोन लावला.

"भिऊ नगं, पोरी. त्यो त्या गाडीत न्हाई."

"मग कुठल्या गाडीत आहेत?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मावशी, कुठे आहेत ते?"

"ते म्या न्हाई सांगू शकत, बाळा."

भार्गवीने फोन ठेवला आणि भर फलाटावर, चहावाल्यादेखत, ती रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका जेवायला गेले होते तेव्हा तो आला. धडधाकट, हसतमुख, हातात केळ्याच्या वेफर्सचा डबा. तिचे डोळे पाहिले आणि त्याचं हसू विरलं.

"आईनं सांगितलं मला. तुमी मिरजेला गेल्ता?"

"पाच तास होते."

"म्या दुसऱ्या गाडीनं आलो. आमच्यात तसं..."

"तुमच्यात कसं ते मावशींनी सांगितलंय," भार्गवी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "आता आमच्यात कसं ते ऐका. माझ्या आजीची धाकटी बहीण होती, मनू. चौदा वर्षांची. सदुसष्ट सालच्या भूकंपाच्या रात्री काकूकडे झोपते म्हणून सांगून गेली आणि झोपली मैत्रिणीकडे. काकूचं घर पडलं, मैत्रिणीचंही पडलं. लोकांनी दुपारपर्यंत काकूचं घर उकरलं, बिरदेव. दुपारपर्यंत. मैत्रिणीच्या घराकडे पोहोचले तेव्हा ती अजून गरम होती म्हणे."

बाहेर एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"तुम्ही मला कुठलंही गाव सांगा, मी तिथे येऊन उकरत बसेन. काल बसलेच होते. पण ते चुकीचं घर होतं. मला असं नाही जमणार." तिने खाली वाकून पिशवीतली लाल शिट्टी काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. "खरं सांगता येत नसेल तर ही ठेवा जवळ. शोधणाऱ्याला ऐकू तरी जाईल."

बिरदेवने तोंड उघडलं. काहीतरी त्याच्या जिभेवर आलं होतं, हे तिला स्पष्ट दिसलं. ती थांबली. मग त्याने तोंड मिटलं, शिट्टी उचलली आणि तो निघून गेला. वेफर्सचा डबा टेबलावरच राहिला. तिने तो उघडलाही नाही.

अकरा दिवस त्याचा फोन आला नाही. त्यापुढच्या मंगळवारी पुण्याला व्हिसासाठी जायची तारीख होती. फाईल तयार होती, प्रागच्या हॉटेलसकट. भार्गवी रोज ती उघडायची आणि मिटायची. बोलून आपण चुकलो असं वाटायचं, आणि न बोलता कसं चाललं असतं असंही. माणूस गमावण्याची भीती तिला नेहमी भूकंपाची वाटत आली होती. एका वाक्यानेही माणूस जातो, हे तिला नवीन होतं.

बाराव्या दिवशी, भर दुपारी, फोन वाजला.

"काका हायत का जवळ?" बिरदेवचा आवाज.

"नाही. बँकेत गेलेत."

"मग पेन घ्या. प्राग खोडा."

तिने पेन घेतलं.

"प्रागला आमाला जायाचंच न्हाई. व्हिएन्नापासनं बुडापेस्ट. तितनं डेब्रेत्सेन म्हनून गाव हाय. तितनं बारकी गाडी जाती, होर्तोबाजला. ते आमचं खरं टेशन." तो अडखळत होता, प्रत्येक नाव ओढून काढत होता. "निस्ता माळ हाय तितं. झाड न्हाई. आईनं मोबाईलवर बगितलं. तितले धनगर लोकरीचे पायघोळ झगे घालत्यात, आपल्या घोंगड्यावानी. मेंढरांची शिंगं सरळ, पिळाची. आई म्हनली, मला राजवाडे नगंत, मला ही मानसं बगायची हायत. म्हनलं, तुमी हसशीला. आन... सवयीनं बी तोंडातनं प्रागच आलं."

भार्गवी हसली नाही. ती चांगलीच रागावली. खोटं गाव लिहून मंगळवारी पुण्याला गेला असतात, मग तिकडे पकडले गेला असतात तर आईंना कुणी सोडवलं असतं, हे सगळं तिने एका दमात ऐकवलं.

"म्हाईत हाय," तो शेवटी म्हणाला. "त्या दिशी तुमच्यापुढं धा डाव जिभंवर आलं. जीभ उचलंना. बाची दोन बोटं दिसत्यात मला, बोलाय गेलं की." मग जरा थांबून, "आनि आनखी एक लिवा. कागदावर नगं. ध्यानात ठेवा."

"काय?"

"शनवारी येतोय म्या. किर्लोस्करवाडीला उतरनार. सकाळी धा वीसला. चौथा डबा." भट्टीपुढे उभा राहणारा माणूस चार शब्द बोलताना घाबरला होता.

"मावशींना सांगितलंत?"

"न्हाई. काल इचारत हुती. म्हनलं, आई, आता तुला न्हाई सांगायचं."

"मग... कुणाला?"

"सांगितलं की आत्ता," बिरदेव म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

भार्गवीने फोन जागेवर ठेवला. आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ अशी भीती आली की तिने उठून खिडकी लावून घेतली. माहीत नसण्यापेक्षा माहीत असणं जास्त अवघड होतं. आता कुणाला कळलं तर ते तिच्याकडूनच कळणार होतं. वेफर्सचा डबा तिने त्या दिवशी उघडला. वेफर्स मऊ पडले होते, तरी तिने सगळे खाल्ले.

शनिवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. काकांसमोर दोन गिऱ्हाइकं बसली होती, आणि काकांचा आवाज नेहमीप्रमाणे रस्त्यापर्यंत जात होता.

"काल फोन आला होता, बिरदेव येतोय म्हणे आज. मिरजेलाच उतरेल ना?"

आयुष्यात कधी पत्ता न चुकवलेल्या भार्गवीने पदर नसताना खांद्यावरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "हो. मिरजेला."

बसमध्ये आईचा फोन आला. कुठे आहेस? भार्गवीने खरं ते सांगितलं. किर्लोस्करवाडीला चाललेय, स्टेशनवर. तिथे एक जण उतरणार आहे. कोण, कुठला, ते उद्या साताऱ्याला येऊन समोरासमोर सांगेन. पण आई, आजच्या दिवस हे कुणाला बोलू नकोस.

"तुझ्या आवाजाला काय झालंय?" आईने विचारलं.

"भीती वाटतेय."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "तुला भीती वाटत नसती तर मी घाबरले असते."

स्टेशनवर कोवळं ऊन होतं. रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या. दहा वीस झाले, गाडी नाही. दहा चाळीस. भार्गवीने कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की कुठली गाडी. बनाबाई एकलीनंच भ्यायचं म्हणाल्या होत्या ते काय, हे तिला आता नेमकं कळत होतं. पाणी प्यायलाही ती चौथा डबा लागणारी जागा सोडून हलली नाही.

अकराला पाच कमी असताना गाडी आली. चौथ्या डब्यातून एक म्हातारं जोडपं उतरलं. मग पोती घेतलेला एक माणूस. मग कुणीच नाही. दोन मिनिटं सरली, सिग्नल पडला आणि गाडीला हिसका बसला. त्याने पुन्हा दुसरं गाव सांगितलं होतं. ती पुन्हा चुकीच्या घरापाशी उभी होती.

आणि तेवढ्यात चौथ्या डब्याच्या दारातून शिट्टी वाजली. तीच लाल, दोरीत ओवलेली. हलत्या गाडीतून बिरदेवने फलाटावर उडी घेतली, दोन पावलं धडपडला आणि उभा राहिला. बॅग पोटाशी नव्हती. खांद्याला लोंबत होती.

"गाडी थांबली आन पाय आपोआप सातव्या डब्याकडं निगाले," तो धापा टाकत म्हणाला. "सवय हो. निम्म्या वाटंतनं माघारी आलो, म्हनून येळ झाला."

"चालत्या गाडीतून उडी मारतात का?" भार्गवी म्हणाली. तिने त्याची बाही धरली, आणि सोडली नाही.

गाडी गेली. फलाट रिकामा झाला. बिरदेवने शिट्टी तिच्यापुढे धरली.

"ही घ्या तुमची."

"राहू दे तुमच्याकडे. बोगद्यात लागेल."

"बोगद्यात..." त्याने दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "आईचं आन माजं, दोन अर्ज हायत. तिसरा भरायला उशीर झाला का?"

भार्गवीने अगदी ऑफिसातल्या सुरात उत्तर दिलं. "उशीर नाही झाला. पण तिसऱ्या अर्जाला नात्याचा पुरावा जोडावा लागतो."

"कसला पुरावा?"

"लग्नाचा दाखला," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून उसाच्या गाड्यांकडे बघायला लागली. बिरदेव आता फक्त डोळ्यांनी हसत नव्हता.

तेवढ्यात त्याला आठवलं. आईला कळवायचं राहिलं होतं. त्याने नंबर लावला आणि फोन स्वतःच्या कानाला न लावता भार्गवीच्या हातात दिला.

"कुटं उतारला?" बनाबाईंनी विचारलं. लेकाचाच फोन समजून.

"किर्लोस्करवाडीला, मावशी. चौथ्या डब्यातून. मी इथेच आहे."

"तुला ठावं हुतं?"

"हो. तीन दिवसांपासून."

"मंग सुटले म्या," बनाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ओला झाला. "तीस वरसं त्याच्या बाचं भ्याले. दोन वरसं ह्याचं. आता भ्यायचं काम तुज्याकडं, पोरी."

"हो," भार्गवी म्हणाली. भ्यायची तिला लहानपणापासून सवय होती. फक्त इतक्या आनंदाने ती कधी भ्याली नव्हती.